मोटारीच्या रंगाची कुळकथा

घरांतल्या पितळी भांड्याला पोंचा आला तर तो चार दिवसांत डोळ्यांच्या सरावाचा होतो; पण मोटारीवर उठलेला ओरखडा तिच्या मालकाला रोज सकाळीं नव्यानें दिसतो. या मनोवृत्तीचें कारण निव्वळ हौस किंवा प्रतिष्ठा हें नसावें. पोंचा तांबटाकडून काढून घेतां येतो हें आपल्याला ठाऊक असतें. ओरखड्यापुढें मात्र आपण हतबल असतों. आणि ज्या वस्तूची डागडुजी आपल्याला समजत नाहीं ती वस्तु पुरतेपणीं आपली झालेली नाहीं, अशी एक बोच मनाला लागून राहते. हा विचार आम्हांला सुचला तो निघोजे येथें, आणि तोहि आमच्याच चुकीमुळें.

पारनेर तालुक्यांतलें रांजणखळग्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें निघोज तें वेगळें. आमचें हें निघोजे खेड तालुक्यांतलें, इंद्रायणीच्या उत्तर तीरावरचें, देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यांतलें. तेथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं लग्न होतें. मांडवाबाहेर जागा अपुरी, मागें दुसऱ्या गाड्यांची रांग. आणि आपली गाडी मागें घेण्याच्या गडबडींत आम्हीं तिचें उजवें दार यजमानांच्या दगडी कुंपणाला घांसून नेलें. कुंपणाला लग्नासाठीं नुकताच चुना लावलेला होता. गडद निळ्या दारावर वीतभर लांबीचा पांढरा पट्टा उमटला. चूक सर्वस्वीं आमची, त्यामुळें कोणावर रागावण्याचीहि सोय नव्हती.

पुण्यास परतल्यावर रविवारीं आम्हीं स्वतःच दुरुस्तीस हात घातला. कन्येनें आपली निळ्या नखरंगाची बाटली पुढें केली, तिला आम्ही हंसलों. मग सुताराचा उरलेला काचकागद शोधून काढला आणि तो पांढरा पट्टा कोरडाच घांसावयास लागलों. पांढरेपणा गेला खरा, पण त्याच्या जागीं तळहाताएवढा निस्तेज, धुरकट डाग उरला. जिथें रेघ होती तिथें आतां जखम झाली. अज्ञानाची लाज वाटली म्हणजे आमच्यासारखा शिक्षक पुस्तकांकडे वळतो. आणि मोटारीच्या रंगाचें कुळ शोधीत गेल्यावर, आमचें नेमकें काय चुकलें हें उलगडत गेलें.

आपल्या जुन्या घरांत रंग ही कायमची वस्तु नव्हती. ती वर्षाची वस्तु होती. भिंतींना चुना द्यावयाचा तो दिवाळीपूर्वीं किंवा घरांत कार्य निघालें म्हणजे. जमीन सारवावयाची ती सणावाराला आणि एरव्हींहि. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावावयाचा तो बेंदराला नाहींतर पोळ्याला. हा रंग जाणार हें गृहीतच धरलेलें होतें, आणि म्हणूनच तो पुन्हा देण्याची कला घरोघरीं होती. सारवलेल्या जमिनीला खड्डा पडला तर घरची बाई मूठभर शेणमाती घेऊन तो बुजवीत असे, आणि दुसऱ्या दिवशीं तो कोठें होता हें कोणाला सांगतां येत नसे. कारण नवा हात जुन्या हातांत मिसळून जाई.

देवाचा रंग याहून थोडा वेगळा. मारुतीला, गणपतीला, देवीला शेंदूर चढतो तो जुन्यावर नवा, पुटावर पूट. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील असें साठलेलें कवच २०२२ मध्यें काढण्यांत आलें, तेव्हां आंतलें मूळ रूप भाविकांना दिसलें. परंपरेनें वापरला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. गंमत अशी कीं, तेलांत कालवलेला हाच पदार्थ युरोपांत लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंज चढूं नये म्हणून पिढ्यानपिढ्या अस्तर म्हणून लावला जात होता. शिसें विषारी असल्यामुळें तो आतां मागें पडला. पण लोखंडाला शोभेच्या रंगापूर्वीं एक संरक्षक अस्तर द्यावें लागतें, हा धडा त्यानें जगाला दिला.

तिसरा धडा लाखेचा. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं लांकडी खेळणीं, पाट आणि गंजिफा यांवर लाखेचें काम पिढ्यानपिढ्या केलें आहे. चरकावर फिरणाऱ्या लांकडाला लाखेची कांडी टेंकवली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते आणि लांकडावर बसते. ती स्पिरिटांत विरघळवली तर बोळ्यानें हातानें देतां येते. आपल्या घरच्या शिसवी कपाटांना चपडा लाखेचें पॉलिश होतें तें हेंच. लाखेचा विशेष असा कीं ती वाळली तरी पुन्हा स्पिरिटांत विरघळते. म्हणून पॉलिशवर चरा उमटला तर स्पिरिटाचा ओला बोळा फिरवावा. जुनी लाख थोडी सैल होते, नवी तिच्यांत मिळते, आणि सांधा उरत नाहीं. शेणमातीचें जें, तेंच लाखेचें.

मोटारीचा पूर्वज म्हणजे घोडागाडी, आणि मोटारीनें पहिला रंग घेतला तो घोडागाडीचाच. जवसाचें तेल आणि चंद्रसासारख्या राळा यांचें रोगण गाडीवर कुंचल्यानें हातावर हात देऊन चढवीत. प्रत्येक हात वाळूं द्यावा, घांसावा, मग पुढचा द्यावा. तेलाचें रोगण वाळतें म्हणजे त्यांतलें पाणी उडून जातें असें नव्हे. तें हवेंतला प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें, आणि या क्रियेला घाई सोसत नाहीं. एक गाडी रंगून बाहेर पडावयास कित्येक आठवडे लागत. फोर्डनें आपली मॉडेल टी मोटार १९१४ ते १९२५ या काळांत केवळ काळ्याच रंगांत विकली. डांबराच्या जातीचें तें काळें रोगण स्वस्त होतें आणि टिकाऊहि होतें. साऱ्या मोटारी पट्ट्यावरून भराभर उतरूं लागल्या, पण रंगाच्या खोलींत येऊन अडून बसूं लागल्या.

ही कोंडी फोडली ती एका अगदींच निराळ्या पदार्थानें. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होणारा नायट्रोसेल्युलोज पदार्थ स्फोटक म्हणून प्रसिद्ध होता, आणि चित्रपटांच्या जुन्या फितीहि त्याच्याच होत्या. तो किती ज्वालाग्राही असतो हें पुण्याला सांगावयास नको. ८ जानेवारी २००३ रोजीं येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यास आग लागली आणि जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा नष्ट झाला. अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीनें या पदार्थापासून फवाऱ्यानें मारतां येईल असा पातळ, पण भरपूर रंगद्रव्य असलेला रंग सिद्ध केला, त्याचें नांव 'ड्यूको'. १९२३ मध्यें जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींना तो निळ्या छटेंत देण्यांत आला. यांतला द्रावक उडून गेला कीं रंग वाळला. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि रस्त्यांवर काळ्याखेरीज दुसरे रंग दिसूं लागले.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें या रंगाचा खरा गुण दुसराच होता. तो लाखेच्या जातीचा होता. थिनर लागला कीं वाळलेला रंग पुन्हा सैल होई, नवा फवारा जुन्यांत मिसळे आणि पॉलिश केलें कीं सांधा दिसेनासा होई. आणखी एक गोष्ट कळली आणि आम्ही मनांतल्या मनांत ओशाळलों. नखरंग हा देखील मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचाच असतो. जिला आम्ही हंसलों ती बाटली ड्यूकोची सख्खी पुतणी निघाली.

आपल्याकडे या धंद्याचीं मुळें मुंबईंत रुजलीं. लोअर परळला १९२० मध्यें 'गहगन पेंट्स' हा कारखाना निघाला. तोच पुढें गुडलास वॉल, नेरोलॅक अशीं नांवें घेत आज कन्साई नेरोलॅक म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धामुळें परदेशी रंगांची आवक आटली असतां १९४२ मध्यें चार मित्रांनीं गिरगांवांतील गायवाडींत एका गॅरेजमध्यें एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें ती फियाट बाहेर पडूं लागली, जिला तिच्या पुढच्या आकारावरून मराठी माणसानें 'डुक्कर फियाट' असें प्रेमळ नांव दिलें. तिच्या वंशांतल्या पद्मिनीनें काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत तग धरली. या गाड्यांच्या काळांत गल्लोगल्लीं एक मिस्त्री असे. तो पोंचा ठोकून काढी, पट्टी भरी आणि ड्यूको मारी. कंपनीचें नांव पदार्थाला आणि पदार्थाचें नांव कसबाला चिकटलें. आजहि कित्येक कारागीर कोणत्याहि फवाऱ्याच्या रंगाला ड्यूकोच म्हणतात. डोळ्यांनीं रंग जुळवणारा हा मिस्त्री आपल्या घरच्या सारवणाऱ्या बाईचा आणि सावंतवाडीच्या चिताऱ्याचा व्यवसायबंधु होता. कारण तिघांच्याहि हातांतला पदार्थ जुन्याला नव्यांत मिसळूं देणारा होता.

मग हें साम्य तुटलें कोठें? तें तुटलें भट्टींत. कच्चें मडकें पाण्यांत पुन्हा माती होतें, त्याला ओली माती लावून सांधतां येतें. भाजलेल्या मडक्याला तें शक्य नाहीं. मोटारीच्या रंगाचें नेमकें हेंच झालें. अधिक टिकावा, उन्हानें फिका पडूं नये, घाटांतल्या खडीनें उडूं नये म्हणून रसायनज्ञांनीं असे रंग काढले कीं जे भट्टींत तापले म्हणजे त्यांचे कण एकमेकांशीं कायमचे जखडले जातात. असा रंग मग थिनरला दाद देत नाहीं. जो गुण त्याला दीर्घायुषी करतो, तोच त्याला घरच्या हाताला परका करतो. वर्षाचा रंग गेला आणि जन्माचा रंग आला.

या जन्माच्या रंगाचें एक मोठें ठाणें आज निघोज्याच्या शिवारांत आहे, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. चाकण औद्योगिक वसाहत वाढत वाढत येथवर आली. निघोजे, म्हाळुंगे आणि खराबवाडी यांच्या हद्दींतला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्यें, आणि निघोज्यांतलाच महिंद्रांचा २०१० मध्यें सुरू झाला. ज्या गांवांत बैलांच्या शिंगांना वर्षांतून एकदां हिंगूळ लागत असे, तेथें आतां यंत्रांचे हात मोटारींना जन्माचा रंग देतात. आमचा तो विद्यार्थी शेतकऱ्याचा मुलगा; या पट्ट्यांतल्याच एका कारखान्याच्या रंगविभागांत तो काम करतो. लग्नानंतर आठवड्यानें लाडू घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हां त्यानें दार पाहिलें आणि त्या दारावर काय काय आहे याचा पाठच आम्हांला दिला. गुरुशिष्यांच्या जागा त्या दिवशीं बदलल्या.

पत्रा स्वच्छ धुऊन प्रथम त्यावर फॉस्फेटचा अगदीं पातळ थर बसवतात, म्हणजे पुढचा रंग घट्ट धरतो. पुष्कळ गाड्यांत पत्र्यावर आधींच जस्ताचा मुलामा असतो. मग सबंध सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून त्यांतून वीज खेळवतात; विजेच्या ओढीनें अस्तराचे कण फटींफटींतून जाऊन बसतात. १९६० च्या दशकांत फोर्डच्या कारखान्यांत रूढ झालेली ही युक्ति पुढें सुधारून साऱ्या जगानें घेतली. हें अस्तर सुमारें २० मायक्रॉन जाडीचें. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर पृष्ठ सपाट करणारा दुसरा थर, त्यावर जेमतेम १५ मायक्रॉनचा खरा रंग, आणि सर्वांवर सुमारें ४० मायक्रॉनचा पारदर्शक लेप. ही सारी संपत्ति मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केंस एकावर एक ठेवावे इतकीच. अस्तर तर १६० अंशांच्या पुढें भाजतात, वरचा लेप सुमारें १४० अंशांवर. अशी भट्टी कोणत्या गृहस्थाच्या अंगणांत असणार?

"सर, तुम्हीं घांसलांत तो रंग नव्हताच," विद्यार्थी भीत भीत म्हणाला. "निम्म्याहून अधिक पांढरें आमच्या कुंपणाच्या चुन्याचें होतें. ओल्या फडक्यानें निघालें असतें. तुम्हीं काचकागदानें वरचा लेप तेवढा घांसून काढलात."

आम्ही अवाक् झालों. वर्षाचा रंग जन्माच्या रंगावर येऊन बसला होता, आणि त्याला आम्हीं जखम समजलों होतों.

चाकणचें नांव निघालें म्हणजे इतिहासाच्या वाचकाला संग्रामदुर्ग आठवतो. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटीं मोंगलांनीं भुयार खणून दारू ठासली, एक बुरूज उडवला आणि मगच किल्ला गेला. पत्र्याचा किल्लाहि असाच जातो. वरवरच्या चऱ्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. पण ओरखडा धातूपर्यंत पोंचला कीं पावसाचें पाणी आंत शिरतें, आणि गंज वरून न दिसतां चांगल्या रंगाखालून भुयार खणीत पुढें सरकतो. फोड दिसतो तेव्हां आंतला पत्रा खाऊन झालेला असतो. म्हणून ओरखड्याची लांबी पाहून घाबरूं नये; त्याची खोली पाहावी. दुरुस्तीचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे.

खोली ओळखण्याची रीत अशी. गाडी सावलींत थंड होऊं द्यावी, धुवावी, आणि ओल्या फडक्यानें डाग पुसून पाहावा. समोरच्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग चिकटला असेल तर तो पुष्कळदां एवढ्यानेंच किंवा थोड्या रॉकेलच्या बोळ्यानें निघतो. मग उरलेल्या चऱ्यावर पाणी लावावें. ओला असतांना तो दिसेनासा झाला आणि नख फिरवून अडकलें नाहीं, तर इजा वरच्या पारदर्शक लेपापुरतीच आहे. अशा वेळीं मऊ फडक्यावर थोडें रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हातानें घांसावें. फारच झालें तर २००० नंबरचा वॉटर पेपर, तोहि पाण्याबरोबर, दोनचार वेळ फिरवावा आणि थांबावें. हा लेप उन्हापासून खालच्या रंगाचें रक्षण करतो आणि तो ४० मायक्रॉनचाच आहे. प्रत्येक घांसण्यानें आपण त्या शिल्लकींतून कांहीं खर्च करीत असतों.

नख अडकत असेल, खालचा करडा किंवा पांढरा थर दिसत असेल, पण धातु दिसत नसेल, तर घांसून उपयोग नाहीं. तेथें भर घालावी लागते. गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या क्रमांकाची टच-अपची लहान बाटली मिळते. बारीक कुंचल्यानें केवळ चऱ्याच्या खांचेंत थेंब थेंब रंग सोडावा, वाळूं द्यावा, पुन्हा सोडावा. कांठांवर पसरूं देऊं नये. शेवटीं पारदर्शक रोगणाचा थेंब. चंदेरी जातीच्या रंगांत अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. फवाऱ्यांत ते सारखे आडवे बसतात, कुंचल्यांत वाटेल तसे. म्हणून रंग तोच असूनहि डाग वेगळा चमकतो. हा दोष आपल्या हाताचा नव्हे.

धातु उघडा पडला असेल तर शोभेचा विचार बाजूस ठेवून, मुख्य म्हणजे पावसाळ्यापूर्वीं, गंज पुरता खरवडून गंजरोधक प्रायमर लावावा, मग रंग. बंपर बहुतेक प्लास्टिकचा असतो, त्याला गंज नाहीं; तेथें सवडीनें केलें तरी चालतें.

येथवर घरच्या हाताची सीमा. भट्टी नसतांनाहि कठीण होणारे दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग मिळतात, पण त्यांच्या कठीणकांत आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासांत गेला तर जन्माचा दमा जडूं शकतो. योग्य मुखवटा आणि हवेशीर खोली नसेल तर तें काम कारागिराकडेच द्यावें. उरलेला थिनरहि गटारांत ओतूं नये. आळंदीजवळ इंद्रायणीवर कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा पांढरा फेंस तरंगतांना आपण पाहिला आहे. त्यांत आपल्या घरची वाटी कशास मिसळावी?

पुढच्या रविवारीं विद्यार्थ्यानें आणि आम्हीं मिळून तें दार दुरुस्त केलें. चुना गेल्यावर मूळचा ओरखडा बोटभर लांबीचाच निघाला. आमच्या काचकागदाचा डाग मात्र पुरता गेला नाहीं. सकाळचें ऊन तिरपें पडलें कीं तो अजूनहि ओळखूं येतो. तो आतां आम्हांला बोचत नाहीं. तेथें काय झालें, कोणता थर गेला आणि कोणता उरला, हें आम्हांला ठाऊक आहे. जन्माचा रंग देण्याची भट्टी आपल्या घरीं कधींच येणार नाहीं. पण आधीं ओल्या फडक्यानें पुसून पाहण्याची, हळू हातानें घांसण्याची आणि वेळेवर थांबण्याची जी रीत वर्षाच्या रंगानें आपल्या घरांना शिकवली होती, ती विसरण्याचें कारण नाहीं. लग्नाच्या घरचा चुना पुढच्या कार्याला पुन्हा नवा होईल. आमच्या दारावरचा डाग तसाच राहील, आणि आम्ही गाडी मागें घेतांना आतां आरशांत अधिक लक्ष देऊं.